आठ अक्षरे आणि ‘आतला आवाज’: जन्माला पुन्हा डोक्यावर बसवू नका

‘कुंडली ब्राह्मणी आहे, ती आम्ही मानत नाही, पण साजू वेगळी आहे.’ हे वाक्य आम्ही अलीकडे आपल्याच मुलामुलींच्या तोंडून ऐकतो आहोत. कोरियन मालिकांच्या मागोमाग कोरियन जन्मपत्रिकाही मोबाइलवर आली. दुसऱ्या बाजूला काहीजण म्हणतात, साजू म्हणजे कोरडे गणित, त्यापेक्षा ‘इंट्युटिव्ह रायटिंग’ करा. शांत बसायचे, वहीत प्रश्न लिहायचा, हात चालेल तसे लिहीत जायचे. जे उतरेल ते म्हणे ‘हायर सेल्फ’चे उत्तर. मग या दोघांत वाद रंगतो, की खरे कोण सांगते? वाद घालणाऱ्यांना बावीस प्रतिज्ञा तोंडपाठ आहेत, म्हणून हे लिहिणे भाग पडले.

आधी साजू समजून घेऊ. साजू म्हणजे चार खांब: जन्माचे वर्ष, महिना, दिवस आणि तास. प्रत्येक खांबाला दोन अक्षरे, एक दहा चिन्हांतले, दुसरे बारा चिन्हांतले. एकूण अक्षरे आठ, कोरियनमध्ये ‘पालजा’. पद्धत मूळची चीनची. आपली आजी ‘माझं नशीबच फुटकं’ म्हणायची, त्या जागी कोरियन आजी ‘माझं पालजाच असं’ म्हणते. शब्द बदलला, कपाळावरचा हात तोच.

आता गणितच म्हणता, तर गणित करूया. वर्षाच्या जोड्या 60, महिन्याच्या 12, दिवसाच्या 60, दोन-दोन तासांचे प्रहर 12. गुणाकार 5,18,400. दक्षिण कोरियाची लोकसंख्या पाच कोटींच्या वर आहे, म्हणजे एकाच पत्रिकेची सरासरी शंभर माणसे त्या एका देशात फिरताहेत. त्यांतला एक कारखान्याचा मालक असेल, एक स्कूटरवर जेवणाचे डबे पोचवत असेल. अक्षरे मात्र आठही सारखी.

आणि तो ‘तास’ तरी कुठला? कोरियाचे घड्याळ 135 अंश रेखांशावर चालते, सोल आहे 127 अंशांवर. म्हणजे घड्याळ आणि सूर्य यांत अर्ध्या तासाचा फरक. 1954 ते 1961 या काळात दक्षिण कोरियाने घड्याळ अर्धा तास मागे ठेवले होते. 1987 आणि 1988 च्या उन्हाळ्यात ते तासभर पुढे नेले. साजूवाल्यांतले काही ही वजाबाकी करतात, काही करत नाहीत. प्रहराच्या सीमेवर जन्मलेल्या बाळाला म्हणून दोन दुकानांत दोन नशिबे मिळतात. सरकारी आदेशाने ज्याचा खांब हलतो, ते कसले विश्वाचे विधान?

हे सगळे हसण्यावारी नेता आले असते. पण 1990 साल आठवा. या चक्रात ते ‘पांढऱ्या घोड्याचे’ वर्ष होते. या वर्षी जन्मलेली मुलगी हट्टी, नवऱ्याला जड, असा समज. त्या वर्षी दक्षिण कोरियात 100 मुलींमागे 116 हून जास्त मुलगे जन्मले. निसर्गात हा आकडा 105 च्या आसपास असतो. मुलग्याचा हव्यास आधीपासून होता, गर्भलिंग तपासण्याचे यंत्र आलेले होते, पत्रिकेने त्यांना निमित्त पुरवले. जपानमध्ये याच 60 वर्षांच्या चक्रातले ‘अग्निघोड्याचे’ वर्ष 1966 साली आले, तेव्हा एकूण जन्मच आदल्या वर्षीपेक्षा जवळपास चौथाईने घटले. आपल्याकडच्या ‘मंगळी’ मुलीला ही गोष्ट वेगळी समजावून सांगावी लागणार नाही. साजू वेगळी आहे म्हणणाऱ्या मित्रांनो, वेगळे नेमके काय?

एक वेगळेपण आम्ही सांगतो, आणि ते साजूच्या बाजूचे नाही. कोरियात जोसोन राजवटीत ‘बेकजोंग’ नावाचा समाज होता. जनावरे कापणे, कातडे कमावणे, टोपल्या विणणे ही त्यांची कामे. वस्ती वेगळी, कौलारू घराला बंदी, रेशमी कपड्याला बंदी. 1894 च्या सुधारणांनी कागदावर भेद संपला, पण त्यांची मुले शाळेत घ्यायला लोक तयार नव्हते. 1923 च्या एप्रिलमध्ये जिंजू शहरात त्यांनी ‘ह्योंगप्योंगसा’ ही संघटना उभी केली. या नावात तराजूचा समतोल आहे. मांस तोलणाऱ्या हातांनीच तो समतेसाठी उचलला. चवदार तळ्याच्या चार वर्षे आधीची ही गोष्ट. आता विचार करा: एकाच पहाटे, एकाच प्रहरात एक बाळ उमरावाच्या वाड्यात जन्मले आणि एक बेकजोंगाच्या झोपडीत. दोघांची आठही अक्षरे एक. एकाला परीक्षा आणि अधिकारपद, दुसऱ्याला सुरी. ज्या पत्रिकेला माणसाच्या आयुष्यातली सगळ्यात मोठी गोष्ट, म्हणजे जात, दिसतच नाही, ती आयुष्य काय सांगणार? आपल्याकडची कुंडली निदान निर्लज्जपणे उघडी तरी आहे. 36 गुणांतला पहिलाच ‘वर्ण’.

कोरियन मालिका पाहणाऱ्यांना मुदांगही माहीत असेल, अंगात येणारी, नाचून देवाचा निरोप सांगणारी. मुदांग बहुधा बाई. जोसोनमध्ये तिची गणना हलक्या लोकांत होती. पत्रिका मोजणारे मात्र राजदरबाराच्या खगोल खात्यात नोकरीला. भविष्य दोघेही सांगत, पण पुस्तकवाल्याला शास्त्राचा मान आणि अंगात येणाऱ्या बाईला हिणवणी. आपल्याकडे काय वेगळे आहे? महाराष्ट्राचा 2013 चा जादूटोणाविरोधी कायदा आम्हाला हवाच होता, त्यासाठी दाभोलकरांचा जीव गेला. पण त्यातून ज्योतिषाच्या सल्ल्याला बाहेर ठेवले आहे. वस्तीतली देवऋषीण अंधश्रद्ध, आणि विद्यापीठात मात्र यूजीसीने 2001 साली ज्योतिषाचा अभ्यासक्रम आणला! आजची इंट्युटिव्ह रायटिंगची कार्यशाळा म्हणजे अंगात येण्याचेच शहरी, फी भरून केलेले रूप आहे. फक्त हळदकुंकवाच्या जागी महागडी डायरी.

हाताने ‘आपोआप’ लिहिणे ही नवी विद्या नाही. 1853 साली मायकेल फॅरेडेने, वीज अभ्यासणाऱ्या त्याच फॅरेडेने, प्रेतात्म्यांच्या नावाने फिरणारी टेबले तपासली. टेबल ढकलणारे हात बसलेल्या माणसांचेच होते, त्यांना कळत नव्हते इतकेच. पुढे जिनिव्हात ‘एलेन स्मिथ’ या टोपणनावाने ओळखली गेलेली बाई मंगळावरची भाषा लिहू लागली. फ्लूरन्वा या मानसशास्त्रज्ञाने दाखवले की ती भाषा म्हणजे फ्रेंचचाच सांगाडा. हीच बाई मागल्या जन्मी भारतातली राजकन्या होती म्हणे, आणि फ्रान्सची राणी मारी आंत्वानेतही. बघा, मागचा जन्म नेहमी महालात. तिथून महारवाड्यात कुणी कधी उतरत नाही, शौचकूप साफ करणारी कुणाला आठवत नाही.

दोघांत कोण बरे, असा हट्टच धरलात तर आमचा निवाडा असा. पत्रिका जास्त घातक, कारण ती जन्मावर शिक्का मारते, आणि आपली सगळी लढाईच जन्मावरच्या शिक्क्याशी आहे. पण पत्रिका निदान पकडता येते; वर केले तसे गणित करून तिला उघडे पाडता येते. ‘आतला आवाज’ पकडता येत नाही. त्याला उलट प्रश्न केला की ‘तू अजून जागृत नाहीस’ असे उत्तर मिळते. या आवाजाने आणलेला सगळ्यात विषारी शब्द म्हणजे ‘सोल काँट्रॅक्ट’. तुझे दुःख तुझ्या आत्म्याने जन्मापूर्वी निवडले होते! पूर्वकर्माचा हा जुनाच माल आहे. तथागतांनी आत्माच नाकारला, तर करारावर सही कुणाची? ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’च्या प्रस्तावनेत बाबासाहेबांनी आत्मा, कर्म आणि पुनर्जन्म यांचा प्रश्न मुद्दाम पुढे ठेवला आहे, तो भाग पुन्हा वाचा. दीघनिकायातल्या पहिल्याच सुत्तात ग्रहणे, मुहूर्त, अंगलक्षणे सांगून पोट भरणे ही मिथ्या आजीविका म्हटली आहे. हे सुत्त विहारात वाचले जाते आणि विहाराबाहेर पडताच साजूचे अॅप उघडले जाते.

लिहिण्याला मात्र आमचा विरोध नाही. 1986 साली पेनबेकर आणि बील यांनी विद्यार्थ्यांना चार दिवस, रोज पंधरा मिनिटे, स्वतःवरच्या आघातांबद्दल लिहायला लावले. पुढच्या महिन्यांत त्यांच्यातल्या काहींच्या दवाखान्याच्या फेऱ्या कमी झाल्या. त्यात विश्वाचा आवाज कुठेच नव्हता.

आमच्या कामात एक तरुण विवाहिता आली. तिच्या वहीत पानेच्या पाने होती: ही मारहाण माझ्या आत्म्याने शिकण्यासाठी निवडली, मला क्षमा करायची आहे. आम्ही तिला वही टाक म्हणालो नाही. उलट्या बाजूने नवे पान काढायला सांगितले: तारीख, वेळ, कोणी मारले, कशाने मारले, घरात कोण होते, दवाखान्यात कुठे दाखवले. पहिल्या दिवशी तिने तीन ओळी लिहिल्या. दोन आठवड्यांत अकरा पाने झाली. ती अकरा पाने आता संरक्षण अधिकाऱ्याकडे, 2005 च्या कायद्याखालच्या तिच्या अर्जाला जोडलेली आहेत.