सर्चमध्ये सापडत नाही? दोष तुमचा नाही!

औरंगपुऱ्यातल्या दुकानात जाऊन तुम्ही कधी पुस्तकाचं पूर्ण नाव सांगितलंय? 'सेकंड इयरचं डीबीएमएस द्या, ते जाडं' म्हटलं की काम होतं. दुकानदाराला तुमची भाषा कळते. आता सबमिशनच्या आदल्या रात्री एखाद्या सॉफ्टवेअरचं डॉक्युमेंटेशन उघडा. तुमच्या शब्दांत काहीतरी शोधा. ढीगभर रिझल्ट येतात आणि हवं ते पान पार खाली. मग आपण म्हणतो, 'आपलं इंग्रजीच कच्चं.' माझं मत वेगळं आहे. दोष त्या पानाच्या शब्दांचा आहे, आणि तो तुम्ही दुरुस्त करू शकता.

पायथॉनचंच घ्या. त्याचं डॉक्युमेंटेशन स्फिंक्स नावाच्या टूलने तयार होतं. स्फिंक्सचा साधा सर्च सर्व्हरवर नाही, तुमच्या ब्राउझरमध्ये चालतो. साइट तयार होतानाच शब्दांची यादी बनते आणि शोध त्या यादीत होतो. त्यामुळे कुणी कशावर क्लिक केलं, कोण वैतागून निघून गेलं, हे त्याला कळत नाही. तो वापरातून शिकत नाही. क्रम लागतो तो ठरलेल्या गुणांवर. शब्द शीर्षकात सापडला तर 15, मजकुरात सापडला तर 5. शब्दाचा नुसता तुकडा जुळला तर शीर्षकात 7, मजकुरात 2. गंमत म्हणजे 'इफ', 'फॉर', 'नॉट', 'विथ' हे इंग्रजीतले किरकोळ शब्द म्हणून मजकुराच्या शोधातून गाळले जातात. पायथॉनमध्ये मात्र तेच कीवर्ड!

म्हणजे लेखकाने शीर्षकात 'इनपुट अँड आउटपुट' लिहिलं आणि तुम्ही 'रीड फाइल' शोधलं, तर तिथेच 15 गुण गेले. आपल्याला हे नवीन नाही. विद्यापीठाचं नाव कागदावर डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठ, पण टाइप आपण 'बामू' करतो. शहराचं अधिकृत नाव 2023 मध्ये बदललं, तरी जुन्या नावाने शोधणारे आहेतच. सर्चला दोन्ही नावं माहीत हवीत.

बाहेरच्या सर्च इंजिनची तऱ्हा वेगळी. तिथे जुन्या पानांना वर्षानुवर्षांच्या लिंक्स मिळालेल्या असतात, म्हणून पायथॉन 2 ची पानं बरीच वर्षं वर दिसत राहिली. तिथला कंस नसलेला प्रिंट कॉपी केला की पायथॉन 3 मध्ये एरर. यावर उपाय म्हणजे 'खरं पान हे' असं सर्च इंजिनला सांगणारा कॅनॉनिकल टॅग. पायथॉनच्या पानांवर तो आता आहे.

'पण डॉक्युमेंटेशन वाचतं कोण? एआयला विचारायचं!' ठीक आहे. पण वेबवर शोधून उत्तर देणारा चॅटबॉटही आधी पानच शोधतो ना? जुनं पान हाती लागलं तर उत्तरही जुनंच मिळणार.

म्हणून सांगतो, पहिली पुल रिक्वेस्ट इथे करा. रीडमीमध्ये स्वल्पविराम टाकून नको; 2020 च्या हॅक्टोबरफेस्टमध्ये टी-शर्टसाठी अशा रिक्वेस्टचा एवढा पूर आला की आयोजकांना नियम बदलावे लागले. त्याऐवजी दहा ज्युनियर्सना विचारा, हे शोधताना तू नेमकं काय टाइप करशील? त्यांचे शब्द जसेच्या तसे लिहून घ्या, स्पेलिंगच्या चुकांसकट. प्रत्येक शोधात योग्य पान कितव्या नंबरवर येतं ते नोंदवा. मग शीर्षकात तो शब्द बसतो का बघा, नाहीतर पानाला इंडेक्स नोंद जोडा. स्फिंक्समध्ये ती एका ओळीची असते. साइट आपल्या लॅपटॉपवर पुन्हा तयार करून तेच दहा शोध परत करा. आकडे सुधारले तर ते रिक्वेस्टमध्ये लिहा. तपासणाऱ्याला 'मला वाटतं'पेक्षा 'आधी नववं, आता दुसरं' हे लवकर पटतं. शीर्षकात शब्द कोंबू मात्र नका, माणसांनाही ते वाचायचंय.

आणि मराठी? स्फिंक्सचा सर्च ज्या भाषांसाठी तयार आहे त्यांत तुर्की, हंगेरियन, फिनिश आहेत, मराठी नाही. उद्या आपण मराठीत डॉक्युमेंटेशन लिहिलं तर 'चाचणी' आणि 'चाचण्या' ही एकाच शब्दाची रूपं आहेत, हे त्याला कळणार नाही. कॉलेजात मराठीचं व्याकरण पक्कं असलेला कुणी मित्र असेल, तर त्याला उद्याच कॅन्टीनमध्ये गाठा. चहा तुमच्याकडून.