अंगात आलेले पात्र कोणाचे?

मुलांच्या खेळात वडीलधाऱ्यांनी पडू नये, हा शहाणपणाचा नियम आम्ही गेल्या आश्विनी पौर्णिमेस मोडला. आणि मोडला याचा आम्हांस पश्चात्ताप होत नाही. सोलापुराहून तुळजापुरास पायी निघालेल्या यात्रेकरूंची रीघ त्या रात्री तामलवाडीवरून अखंड चालली होती. ओसरीवर सुटीस आलेली भाचरे कंदिलाभोवती फासे टाकीत बसली होती. खेळ ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ या नावाचा. 1974 साली अमेरिकेत निघालेला. प्रत्येकाने एकेक पात्र घ्यावयाचे, त्याच्या तोंडून बोलावयाचे, आणि एकाने सूत्रधार होऊन उरलेले सारे जग चालवावयाचे, असे त्याचे स्वरूप.

आमच्या एका भाचीचे पात्र, एक तलवारबहाद्दर स्त्री, गुहेत मारली गेली आणि तिच्या प्रेतात पिशाच शिरले. सूत्रधार भाच्याने तत्काळ तिच्या हातचा कागद ओढून घेतला. “आता हे पात्र माझे.” “मग मी काय करू?” “तू बघत बैस.” पुढचे दोन तास ती मुलगी चहाचे पेले भरीत होती. आमचा वाद या ‘बघत बैस’शी आहे.

भाच्याने आम्हांस शास्त्राधार दाखविला. 2014 च्या राक्षसग्रंथात, भुताने झपाटलेल्याचा देह भुताच्या ताब्यात जातो, परंतु त्याची जाणीव मात्र शाबूत राहते, असा नियम आहे. म्हणजे सर्व दिसावे, सर्व कळावे, आणि बोलता मात्र येऊ नये! पात्राला ही अवस्था भयंकर खरी. पण खेळणाऱ्याला ती केवळ कंटाळवाणी आहे. रक्तपिपासू झालेल्या पात्राविषयी तोच ग्रंथ म्हणतो की, सूत्रधाराने हवे तर ते आपल्याकडे घ्यावे. ‘हवे तर’ या दोन शब्दांवरून आमचा भाचा उडी मारून पलीकडे गेला होता.

प्रतिपक्षाचे दोन मुद्दे आहेत. पहिला असा की, पात्र खेळणाऱ्याच्याच हाती राहिले तर झपाटण्याची भीती ती काय उरली? दुसरा अधिक वजनदार: असा खेळाडू सोबत्यांचे गळे कापील आणि वर म्हणेल, “मी काय करू, माझ्या अंगात आले होते!”

पहिल्याचे उत्तर आमच्या दारावरूनच जात होते. या मुलखात अंगात वारे येणे ही पुस्तकातली गोष्ट नव्हे. ते देवीचे की मनाचे, हा वाद येथे नको. परंतु त्या वेळी काय घडते ते पाहावे. एरवी जिचे कोणी ऐकत नाही अशी सून त्या घटकेस सासऱ्याला खडसावते, आणि सासरा हात जोडून ऐकतो. अंगात आलेले माणूस आमच्याकडे मुके होत नाही. तेच सर्वांत जास्त बोलते. वेताळपंचविशी तरी दुसरे काय सांगते? विक्रमाच्या खांद्यावरचे प्रेत गप्प राहिले असते तर पंचवीस गोष्टींपैकी एकही झाली नसती. वासना राहिली म्हणून भूत झाले, असे आपल्या आज्या सांगत. ज्याची वासना मरणानेही सुटली नाही, त्याहून खेळण्याजोगे पात्र कोणते?

दुसऱ्या मुद्द्याचे उत्तर व्यवस्थेत आहे. सूत्रधाराने खेळाडूस बाजूस घेऊन पिशाचाची वासना कानात सांगावी, तिची मर्यादाही सांगावी, आणि कागद त्याच्याच हाती ठेवावा. वासनेपुढे प्रत्येक वेळी मान तुकवली तर काय गमवावे लागेल हे आधीच ठरवावे. 1991 सालच्या ‘व्हँपायर: द मास्करेड’ या खेळात सर्वच पात्रे रक्तपिपासू असतात, तेथे माणुसकीचा आकडा उतरत जातो आणि तो शून्यावर आला म्हणजेच पात्र हातचे जाते. खेळाडूने स्वतःच्या कृतींनी पात्र गमावणे हा न्याय. एका फाशाने ते हिसकावले जाणे हा नव्हे. आणि सर्वांत आधी खेळाडूस विचारावे: हे तुला चालेल ना? कोणाच्या घरी हा विषय थट्टेचा नसतो.

एवढ्याशा खेळाकरिता एवढा खटाटोप कशाला, असे कोणी म्हणेल. तर ऐकावे. भूत उतरविण्याच्या नावाखाली माणसाला दोरीने, साखळीने बांधणे, चाबकाने मारणे, मिरचीची धुरी देणे, हे 2013 च्या महाराष्ट्राच्या जादूटोणाविरोधी कायद्याने गुन्हे ठरविले. त्या क्रूरतेची आणि ओसरीवरच्या खेळाची तुलना होऊ शकत नाही, हे आम्हांस समजते. परंतु मांत्रिकाच्या त्या चाबकाच्या बुडाशी एक समजूत असते: हा आता माणूस नाही, याला विचारण्याचे कारण नाही. ती समजूत मुलांनी खेळातसुद्धा गिरवू नये, इतकेच आमचे म्हणणे. झपाटलेल्यालाही विचारावे, आणि तो काय म्हणतो ते ऐकावे.

भाच्याने कागद परत दिला. थोडा रुसूनच दिला. मग त्या प्रेताने सोबत्यांस पहिला प्रश्न केला, “मला एकटीला गुहेत टाकून तुम्ही पळालात का?” ओसरीवर कोणास उत्तर सुचेना. पात्र मेले होते. खेळणारी जिवंत होती.