सोपाऱ्याचा शिलालेख आणि रोमचे बारा फलक

दीक्षा घेतल्यानंतर आपल्यापैकी पुष्कळ कुटुंबे वैशाख पौर्णिमेस नालासोपाऱ्याच्या स्तूपावर जातात. गावकरी ज्याला बुरूड राजाचा कोट म्हणत आले त्या विटांच्या उंचवट्याला मुलाबाळांसह वंदन करतात, सोबतचे डबे सोडतात आणि सायंकाळच्या गाडीने घरी परततात. इ. स. १८८२ मध्ये पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी येथे उत्खनन केले. एका दगडी पेटीतून एकात एक ठेवलेले करंडक, भिक्षापात्राचे तुकडे आणि बुद्धमूर्ती निघाल्या, हेही आपण मुलांना सांगतो. परंतु हे शूर्पारक एक मोठे बंदर होते आणि त्याचा व्यापार थेट रोमन साम्राज्याशी जोडलेला होता, ही गोष्ट बहुधा सांगावयाची राहून जाते.

पहिल्या शतकातील एका ग्रीक खलाशाने लिहिलेल्या प्रवासमार्गदर्शिकेत, 'पेरिप्लस'मध्ये, या किनाऱ्यावरील बंदरांत कल्याणसह 'सुप्पारा' हे नाव आले आहे. इजिप्तमधील एकाच बंदरातून वर्षाला १२० गलबते हिंदुस्थानाकडे निघत, असे स्ट्रेबोने नोंदविले आहे. रोमन लोकांना आपले सुती कापड हवे होते, मिरी हवी होती, रत्ने हवी होती. त्याच्या बदल्यात सोने-चांदी इकडे येई. हिंदुस्थान दरसाल आमचे ५ कोटी सेस्टर्स ओढून नेतो, अशी तक्रार प्लिनी या रोमन गृहस्थाने केली आहे. ज्यांचे द्रव्य आपल्या किनाऱ्यावर उतरत होते ते लोक कोण होते, त्यांनी आपसांत न्याय कसा केला आणि सत्ता कशी वाढविली, हे आपण समजून घ्यावे असे मला वाटते. शाळेच्या पुस्तकातील रोम म्हणजे सीझर, सैन्य आणि सरळ रस्ते. मी वकिलीच्या व्यवसायातील मनुष्य. मला त्या इतिहासात दुसरेच काही दिसते.

रोममध्ये आरंभी दोन वर्ग होते. पॅट्रिशियन हे कुलीन. देवळे, न्यायासने आणि अधिकारपदे त्यांची. प्लेबियन हे सामान्य. शेती त्यांनी करावी, युद्धात त्यांनी मरावे आणि परत येऊन पाहावे तो शेत सावकाराच्या घशात गेलेले. इ. स. पूर्व ४९४ मध्ये या प्लेबियनांनी एक विलक्षण गोष्ट केली. त्यांनी दंगा केला नाही, कोणाचे घर जाळले नाही. ते सारे मिळून नगर सोडून निघाले आणि तीन मैलांवरच्या एका टेकडीवर जाऊन बसले. लढावयास माणूस नाही, राबावयास हात नाही, अशी कुलीनांची स्थिती झाली.

तेव्हा कुलीनांनी मेनेनियस अग्रिपा नावाच्या एका गोड बोलणाऱ्या गृहस्थास त्यांच्याकडे धाडले. त्याने कथा सांगितली की, एकदा हात, तोंड आणि दात पोटावर रुसले. आम्ही कष्ट करावे आणि याने बसून खावे काय, म्हणून त्यांनी अन्न देणे थांबविले, आणि शेवटी सगळेच शरीर खंगले. तात्पर्य, कुलीन हे पोट, तुम्ही अवयव; आपापल्या जागी राहा. समाजाला शरीराची उपमा देऊन कोणास मुख ठरवावयाचे आणि कोणास पाय, हा प्रकार आपल्याला नवा नाही. पुरुषसूक्ताने तो आपल्या पूर्वजांवर शेकडो वर्षे लादला. प्लेबियनांनी कथा ऐकून घेतली, परंतु ते खाली उतरले ते आपले स्वतःचे अधिकारी मिळवून. 'ट्रिब्यून' हे ते अधिकारी. त्यांच्या अंगाला हात लावणे हा घोर अपराध मानला जाई. कोणत्याही अधिकाऱ्याचे कृत्य 'मी मनाई करतो' एवढे म्हणून ते थांबवू शकत. ट्रिब्यूनाच्या घराचे दार रात्रंदिवस उघडे असले पाहिजे, असा दंडक होता. गाऱ्हाणे घेऊन येणारा बाहेर तिष्ठत राहू नये! हा दंडक आपल्या लोकप्रतिनिधींना लावला तर काय होईल, याचा विचार वाचकांनीच करावा.

नंतरची मागणी होती लेखी कायद्याची. तोपर्यंत कायदा हा पुरोहित आणि न्यायाधीश यांच्या डोक्यात होता, म्हणजे सोयीप्रमाणे बदलत होता. इ. स. पूर्व ४५१-४५० मध्ये दहा जणांच्या समितीने तो लिहून काढला, आणि बारा फलकांवर कोरून तो भर चौकात लावण्यात आला. हे फलक दयाळू होते असे समजू नका. कर्जदारास ३० दिवसांची मुदत. त्यानंतर सावकाराने त्यास साखळदंड घालून ६० दिवस कोंडावे, लागोपाठ तीन बाजारांच्या दिवशी चौकात उभे करावे, आणि कोणीही सोडविले नाही तर नदीपलीकडे विकून टाकावे, असे त्यांत लिहिले होते. कर्जापायी देह गहाण टाकण्याची ही पद्धत तेथे इ. स. पूर्व ३२६ मध्ये बंद झाली. आपल्याच भागात, डहाणू-उंबरगाव पट्ट्यात, लग्नासाठी घेतलेल्या थोड्या रुपयांपायी वारली जोडपी सावकाराकडे जन्मभर राबत. त्यास 'लग्नगडी' म्हणत. ती वेठ मोडण्यास १९४५ चा वारल्यांचा उठाव घडावा लागला, आणि साऱ्या देशासाठी वेठबिगारीविरुद्धचा कायदा १९७६ मध्ये झाला. रोम फार दूर आहे असे म्हणण्याचे कारण नाही.

त्या फलकांत आणखी एक कलम होते. पॅट्रिशियन आणि प्लेबियन यांचा विवाह निषिद्ध! रक्त बाटेल, देवकार्ये भ्रष्ट होतील, हीच तेथेही ओरड होती. पण कलम लिहिलेले होते म्हणून त्याच्यावर बोट ठेवता आले, आणि कानुलेयस नावाच्या ट्रिब्यूनाने पाचच वर्षांत, इ. स. पूर्व ४४५ मध्ये, ते रद्द करविले. मनातला नियम खोडता येत नाही. वाईट कायदादेखील लिहिलेला असावा असे आम्ही वकील म्हणतो ते याच कारणास्तव.

तथापि कायदा भिंतीवर लागला तरी किल्ली पुरोहितांच्या कमरेलाच राहिली. न्यायालय कोणत्या दिवशी भरावयाचे, कोणता दिवस निषिद्ध, दावा कोणत्या शब्दांत मांडावयाचा, हे पंचांग आणि हे शब्द फक्त पुरोहितमंडळास ठाऊक. एक शब्द चुकला की दावा गेला. इ. स. पूर्व ३०४ मध्ये ग्नेयस फ्लेवियस नावाच्या एका कारकुनाने हे गुपित फोडले. त्याचा बाप मुक्त केलेल्या गुलामांपैकी होता. त्याने दाव्यांचे शब्द प्रसिद्ध केले आणि न्यायालयाच्या दिवसांचे पंचांग पांढऱ्या फळ्यांवर लिहून चौकात टांगले. त्याच वर्षी लोकांनी त्यास अधिकारपदावर निवडून दिले. मुक्त गुलामाचा मुलगा अधिकारी झाला म्हणून सरदारांनी सुतक आल्याप्रमाणे बोटांतल्या सोन्याच्या अंगठ्या उतरविल्या! एकदा तो आजारी सहकाऱ्याच्या समाचारास गेला असता तेथे बसलेली कुलीनांची पोरे मुद्दाम उठली नाहीत. फ्लेवियसने वाद घातला नाही. त्याने आपले अधिकाराचे आसन मागवून घेतले, तेथेच मांडले आणि त्यावर बसून तो त्या पोरांकडे पाहत राहिला. १९१७ मध्ये बडोद्याच्या कचेरीत ज्यांच्या अंगावर शिपायांनी दुरून फायली टाकल्या, त्या आपल्या बाबासाहेबांची ही हकीकत वाचताना आठवण झाल्यावाचून राहत नाही.

आणि हे पंचांगाचे गुपित आजही आपल्या वाटेत आडवे येते. दीक्षा घेतलेली कुटुंबे माझ्याकडे येतात आणि सांगतात की, "वकीलसाहेब, अमुक माणसाने सांगितले, तुम्ही बौद्ध झालात, तुमच्या सवलती गेल्या." काहींनी तर या भीतीने मुलांच्या शाळेच्या दाखल्यावर धर्माच्या रकान्यात जुनेच लिहून ठेवले आहे. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशात अनुसूचित जातीचा दर्जा हिंदूंपुरता होता, हे खरे. १९५६ मध्ये शिखांचा आणि १९९० मध्ये बौद्धांचा त्यात समावेश झाला. ही दुरुस्ती संसदेने केली आहे, ती छापलेली आहे, आणि ती मागून वाचण्याचा तुम्हांस अधिकार आहे. खिडकीपलीकडच्या माणसाच्या तोंडी जे निघेल तो कायदा नव्हे.

प्लेबियनांना राज्याचे सर्वोच्च पद, कॉन्सलपद, इ. स. पूर्व ३६७ च्या कायद्याने खुले झाले. पुरोहितपद मात्र इ. स. पूर्व ३०० मध्ये. राजकीय सत्ता आधी मिळाली आणि देवळाचे दार त्यानंतर सदुसष्ट वर्षांनी उघडले! 'जातिनिर्मूलना'त, १९३६ मध्ये, बाबासाहेबांनी प्लेबियनांचाच दाखला देऊन हे दाखविले आहे की, निवडून आलेला माणूस देवाला मान्य आहे की नाही हे सांगण्याचा अधिकार जोवर कुलीन पुरोहितांकडे आहे, तोवर मिळालेले पद पोकळ असते. प्लेबियनांतून झालेला पहिला मुख्य पुरोहित कोरुंकानियस याने काय केले असेल? त्याने कायद्याचा सल्ला सर्वांसमक्ष देण्यास प्रारंभ केला. इ. स. पूर्व २८७ मध्ये प्लेबियनांच्या सभेचे ठराव सर्वांवर बंधनकारक झाले. टेकडीवर गेल्यापासून ही दोनशे सात वर्षे होत.

या लढ्यानंतरच रोमची सत्ता इटलीबाहेर पडली, हे ध्यानात घेण्यासारखे आहे. तलवार तर सर्वांकडेच होती. रोमन लोक जिंकलेल्यांना पायरीपायरीने नागरिक करून घेत, हे त्यांचे वेगळेपण. त्यांचा शत्रू, मॅसिडोनियाचा राजा पाचवा फिलिप, याने आपल्या अंमलाखालील लारिसा नगरास लिहिलेले पत्र दगडावर कोरलेले सापडले आहे. त्यात तो म्हणतो की, रोमनांकडे पाहा, ते गुलामांनाही मुक्त करून नागरिकत्व देतात. जेथे त्यांनी हात आखडला तेथे रक्त सांडले. इटलीतील मित्रराज्यांना नागरिकत्वासाठी इ. स. पूर्व ९१ मध्ये युद्धच करावे लागले. शेवटी इ. स. २१२ मध्ये कॅराकॅला बादशहाने साम्राज्यातील बहुतेक सर्व स्वतंत्र लोकांना नागरिक केले.

स्वतंत्र लोकांना! गुलाम वगळून. येथे रोमची दुसरी बाजू येते आणि ती झाकणे अप्रामाणिकपणाचे होईल. इ. स. पूर्व १६७ मध्ये एकट्या एपिरस प्रांतातून दीड लक्ष माणसे विकली गेली. युद्धे वाढली तसे गुलाम स्वस्त झाले, धनिकांनी त्यांच्या बळावर अफाट शेते केली, आणि ज्या प्लेबियन शेतकऱ्याने टेकडीवर बसून हक्क मिळविले त्याचाच नातू भूमिहीन होऊन रोमच्या पाच-पाच मजली खुराड्यांत भाड्याने राहू लागला. त्या इमारती कोसळत, पेटत. आपल्या वसई-विरार पट्ट्यातील वाचकांस त्याचे वर्णन निराळे करावयास नको. टायबेरियस ग्रॅकस या ट्रिब्यूनाने इ. स. पूर्व १३३ मध्ये जमीनवाटपाचा कायदा आणला, तेव्हा त्याला तीनशे अनुयायांसह ठार मारण्यात आले. त्या जमावाच्या अग्रभागी मुख्य पुरोहित होता. स्पार्टाकसच्या बंडानंतर, इ. स. पूर्व ७१ मध्ये, सहा हजार गुलाम राजरस्त्याच्या कडेने क्रुसावर चढविले गेले. गुलामगिरी आणि अस्पृश्यता यांची तुलना करताना बाबासाहेबांनी रोमचेच उदाहरण घेतले. रोमन गुलाम लेखनिक, ग्रंथपाल, वैद्य होऊ शके, मुक्तही होऊ शके, अस्पृश्याला ती वाट नव्हती, असे त्यांनी दाखविले. आपल्याकडील जाच अधिक होता म्हणून रोमचा जाच सोज्वळ ठरत नाही.

आता पुन्हा सोपाऱ्यास येऊ. रोमची गलबते या किनाऱ्यास लागू लागली त्यापूर्वी दोन-अडीचशे वर्षे येथे सम्राट अशोकाचे आदेश दगडावर कोरलेले होते. तेही संस्कृतात नव्हे, लोकांच्या प्राकृतात. आठव्या आदेशाचा तुकडा भगवानलालांना १८८२ मध्ये मिळाला आणि तो आज मुंबईच्या वस्तुसंग्रहालयात आहे. नवव्याचा तुकडा जवळच्या भुईगावात सापडला तो १९५६ मध्ये, म्हणजे ज्या वर्षी नागपूरला दीक्षा झाली त्याच वर्षी. हा नववा आदेश इतरत्र संपूर्ण मिळाला आहे. आजारपणात, लग्नकार्यात, प्रवासाला निघताना लोक नाना प्रकारचे विधी करतात, त्यांचे फळ अल्प आहे, असे सम्राट त्यात सांगतो; आणि खरे मंगल कोणते हे सांगताना तो प्रारंभ करतो दास आणि नोकर यांच्याशी योग्य वर्तन करण्यापासून.

पुढच्या खेपेस मुलांना घेऊन स्तूपावर जाल तेव्हा एखादा रविवार मुंबईच्या त्या संग्रहालयासाठीही राखून ठेवा. अक्षरे ब्राह्मी आहेत, परंतु चार-सहा दिवसांच्या अभ्यासाने दहा वर्षांचे मूलही ती लावून वाचू शकते.