‘बाजारू’ कोणाला म्हणायचं?

लोकप्रिय गाणं म्हणजे कला नव्हे, कारखान्यातला माल, असं आपल्या चळवळीतही बोललं जातं. शिबिरात कुणी सिनेमाच्या चालीवर गाणं रचलं की ‘बाजारू’ म्हणून नाकं मुरडली जातात. माझा आक्षेप या शब्दालाच आहे. मराठीत गाणंही ‘बाजारू’ असतं आणि बाईही. दोन्ही शिव्या एकाच तोंडच्या.

इतिहास बघा. १९०२ मध्ये कलकत्त्यात ग्रामोफोनसाठी ध्वनिमुद्रण सुरू झालं, तेव्हा ‘घरंदाज’ बायकांना चारचौघांत गाण्याची मुभा नव्हती. गायल्या त्या गौहरजानसारख्या तवायफा. तबकड्या जर्मनीतल्या कारखान्यात निघत. तिथे गाणारी कोण ते कळावं म्हणून ती शेवटी आपलं नाव सांगे. माल म्हणून का होईना, बाईचं नाव घरोघर पोचलं. पुढे १९४० च्या दशकात आकाशवाणीने चारित्र्याच्या नावाखाली अशाच बायकांना दार बंद केलं. १९५२ मध्ये माहितीमंत्री झालेल्या बाळकृष्ण केसकरांनी सिनेसंगीताला हलकं ठरवून रेडिओवरून जवळजवळ हद्दपार केलं. लोकांनी रेडिओ सिलोन लावला. अखेर १९५७ मध्ये विविध भारती सुरू करावी लागली. खरी कला कोणती हे ठरवणाऱ्यांनी सोवळं-ओवळंच पाळलं, असं मी म्हणते.

म्हणून बाजार आपला सखा ठरतो का? मुळीच नाही. ‘महल’ (१९४९) मधल्या गाजलेल्या गाण्याच्या तबकडीवर लता मंगेशकरांचं नाव नव्हतं. ‘कामिनी’ हे पात्राचं नाव होतं. गायकांना रॉयल्टी मिळावी म्हणून त्या १९६० च्या दशकात भांडल्या. कायद्यात तो हक्क यायला २०१२ साल उजाडलं. आणि कलेचा शिक्का तरी पोट भरतो का? विठाबाई नारायणगावकरांना १९९० मध्ये राष्ट्रपती पुरस्कार मिळाला. २००२ मध्ये त्या गेल्या, त्या हलाखीतच.

तेव्हा मैत्रिणींनो, ‘कला की माल’ हा वादच सोडू या. कष्ट कुणाचे, नाव कुणाचं, पैसा कुणाच्या खिशात, हे विचारू या. बाईला हिणवणारं गाणं असेल तर जरूर विरोध करू, पण ते काय सांगतं यासाठी. ते विकलं जातं म्हणून नव्हे. विकत तर आपण सगळ्याच आपले श्रम असतो.