‘गुणी मुलगी’

घरी कोणी पाहुणे आले की मामी माझी ओळख करून देते ती अशी: “ही आमची भाची. फार गुणी मुलगी हो! कशालाच नाही म्हणत नाही.” दोन वर्षांपूर्वी धर्माबादहून शिक्षणासाठी दिलसुखनगरला मामाकडे आले, तेव्हा हे वाक्य ऐकून अंगावर मूठभर मांस चढत असे. आज तेच ऐकले की पोटात गोळा येतो. असे का व्हावे, याचा विचार करता करता जे सुचले ते वाचकांपुढे ठेवते.

सकाळी दुधाच्या पिशव्या मी आणायच्या. मामेभावाचे गणित मी घ्यायचे. वरच्या मजल्यावरच्या आंटींना बँकेत सोबत मीच जायचे. यातले एकही काम कोणी माझ्यावर लादले नव्हते, हे प्रथमच सांगितले पाहिजे. मीच ते पुढे होऊन ओढून घेतले होते. गुरुवारी आम्ही साईबाबांच्या देवळात जातो. तेथे आरत्या मराठीत होतात आणि तेलुगु मंडळी त्या तेलुगु लिपीतल्या पुस्तकावरून तोंडपाठ म्हणतात. शब्दांचा अर्थ मात्र ती मला विचारतात. एकदा आंटींनी असाच एक जुना शब्द विचारला. मला तो मुळीच ठाऊक नव्हता, पण ‘ठाऊक नाही’ म्हटले तर त्यांचा चेहरा उतरेल, म्हणून मी एक छानसा अर्थ तिथल्या तिथे रचून दिला! आंटी प्रसन्न झाल्या. देवळात खोटे बोलले याचे मला त्या वेळी काहीच वाटले नाही.

मग गेल्या वर्षीचा तो दिवस आला. परीक्षेचा अर्ज भरण्याची शेवटची तारीख होती. सकाळी मामी सहज म्हणाली, “आज माझी बहीण यायची आहे, जरा थांबशील का घरी?” मी “हो” म्हटले. दुपारभर पुऱ्या लाटल्या, हसून वाढले आणि घड्याळाकडे चोरून पाहत राहिले. तारीख गेली. पुढे दंड भरून काम निभावले, पण त्या रात्री न्हाणीघरात नळ सोडून रडत होते, ते मामीने ऐकले.

मला वाटले, आता ती मला जवळ घेईल. ती चिडली! “तोंड नव्हतं का तुला? अर्ज भरायचा आहे म्हणाली असतीस तर मी काय तुला घराबाहेर काढणार होते? दोन वर्षांत एकदाही भाजीत मीठ कमी आहे म्हणाली नाहीस. आमच्या घरात तू पाहुणीसारखी राहिलीस गं.”

हे शब्द मला फार लागले, कारण ते खरे होते. मी ज्याला त्याग समजत होते तो त्याग नव्हताच. माझ्या मनात एक वही होती. दूध आणले, लिहून ठेव. पुऱ्या लाटल्या, लिहून ठेव. आज ना उद्या या सगळ्याची परतफेड मायेने होईल, असा तो हिशेब होता. आणि माया मिळाली तरी ती मला पोचत नसे; कारण मामी जिच्यावर माया करी ती ‘नाही न म्हणणारी’ मुलगी होती, आणि ती मी नव्हते, हे मला एकटीलाच ठाऊक होते.

आमच्या घरी पणजोबांची एक गोष्ट सांगतात. निजामाच्या राज्यात ते हैदराबादेत शिकायला राहिले, ते वार लावून. सोमवारी एका घरी जेवण, मंगळवारी दुसऱ्या. सुलतानबाजारच्या बाजूला मराठी घरे होती, तिकडे ते जात. (आज दिलसुखनगरहून मेट्रोने कोठीला दहा-पंधरा मिनिटांत पोचते, तेव्हा मला त्यांची आठवण होते.) सात घरे, सात स्वभाव. कुठे पाटावर बसण्याआधी पाणी भरायचे, कुठे आजीबाईंना पोथी वाचून दाखवायची, कुठे आमटी तिखट लागली तरी “झकास!” म्हणायचे. म्हातारपणीही ते पानात काही टाकत नसत आणि कधी काही मागतही नसत. घरचे याला संस्कार म्हणत. मला आता वाटते, ती भीती असावी. ज्याचे जेवण दुसऱ्याच्या मर्जीवर आहे त्याला चवीविषयी मत असणे परवडत नाही.

म्हणून कर्मवीर भाऊराव पाटलांचे मोठेपण मला अलीकडे वेगळ्या कारणाने पटू लागले आहे. त्यांनी १९१९ मध्ये रयत शिक्षण संस्था काढली, १९२४ मध्ये साताऱ्यात सर्व जातींच्या मुलांसाठी वसतिगृह सुरू केले, आणि मुलांना अंगमेहनत करून शिकायला लावले. श्रमाची प्रतिष्ठा वगैरे आपण निबंधांत लिहितोच. पण जो हाताने काम करून जेवतो त्याला चेहऱ्याने काम करावे लागत नाही, हे कोणी लिहीत नाही. आणि मुलांच्या पोटासाठी लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने मोडले, ते काही मुलांनी कमावलेले नव्हते. काम एका बाजूला होते, माया दुसऱ्या बाजूला. मी मात्र दोन्ही एकाच वहीत मांडत बसले.

यावर कोणी म्हणेल, सगळ्याच मामी अशा नसतात. कबूल. ज्या घरात ‘नाही’ म्हटले की खरोखरच ताट ओढले जाते, तिथल्या मुलीला किंवा सुनेला मी हा उपदेश करणार नाही. तिला आधी स्वतःचे चार पैसे हवेत. पण आपल्यापैकी किती जणींची अशी स्थिती आहे? आमच्या दिलसुखनगरात गल्लोगल्ली क्लासेस आणि हॉस्टेलांच्या पाट्या आहेत. जिन्यात उभी राहून एखादी मुलगी घरी फोनवर सांगत असते, “सगळं मस्त चाललंय, आई.” फोन ठेवते आणि तिथेच पायरीवर बसते. तिच्या आईने तिला खोटे बोलायला सांगितलेले नसते. बिदरची माझी एक मैत्रीण याच अंकाच्या कन्नड विभागात लिहिते, ती म्हणाली, “मीही रोज हेच सांगते, फक्त कन्नडमध्ये.”

मी सुधारले आहे असे नाही. मागच्या महिन्यात धीर करून वरणात मीठ कमी असल्याचे सांगितले, तर मामी दिवसभर घुश्शात होती. ती घरची माणसे एकमेकांवर रागावतात तशी रागावली होती, हे कळत असूनही मला जेवण गेले नाही. आणि परवा गुरुवारी देवळाच्या पायऱ्यांवर आंटींना सांगून टाकले, की त्या शब्दाचा अर्थ मला खरे म्हणजे येत नाही.

आंटी थांबल्या. म्हणाल्या, “अरे! मी तर तो सगळ्या गल्लीला सांगितला.”