प्रेशर वॉशिंगचा कागद : सही करण्यापूर्वी थोडे वाचू या



बर्फ वितळला की मार्कहॅममध्ये दारोदार पत्रके पडू लागतात. ड्राइव्हवे, डेक, साइडिंग, मागच्या अंगणातले इंटरलॉक, सगळे "नव्यासारखे" करून देऊ असे त्यांवर लिहिलेले असते. हिवाळ्यातल्या मिठाचे डाग आणि सावलीकडच्या भिंतीवरचे हिरवे शेवाळ पाहून आपणही फोन लावतो. मग समोर येतो एक कागद : "ग्राहकांसाठी धोक्याची सूचना". खाली सहीची जागा. तो वाचत कोण बसतो? पण आपल्यापैकी काही घरे या कागदाच्या ग्राहकाच्या बाजूला आहेत, तर काही घरांतली मुले सुट्टीत हाच व्यवसाय करू पाहतात. म्हणून दोन्ही बाजूंनी याचा विचार करावा असे आम्हांला वाटले.

पाणीच तर आहे, असे म्हणू नका

घरच्या नळाच्या पाण्याचा दाब दर चौरस इंचाला साधारण ४० ते ६० पौंड असतो. प्रेशर वॉशरचा दाब १,५०० पासून ४,००० पौंडांपर्यंत जातो. लाल रंगाच्या नोझलमधून शून्य अंशाची धार निघते, ती लाकूड कोरते आणि कातडीही फोडते. अशी जखम वरून टाचणी टोचल्याएवढी दिसते, पण पाणी, साबण आणि घाण आत खोलवर गेलेली असते. अशा वेळी हळद लावून घरी बसू नये, सरळ इमर्जन्सीत जावे आणि "प्रेशर वॉशरची धार लागली" असे स्पष्ट सांगावे. उशीर झाला तर बोट गमावण्यापर्यंत वेळ येऊ शकते.

दुसरा धोका न दिसणारा. पेट्रोलवर चालणारे यंत्र गराजमध्ये किंवा उघड्या खिडकीजवळ ठेवले तर कार्बन मोनॉक्साइड घरात शिरतो. या वायूला रंग नाही, वास नाही. २००८ च्या डिसेंबरात ऑन्टारियोतल्या वुडस्टॉक गावी हॉकिन्स कुटुंबातले चौघे याच वायूने गेले. तिथे कारण गॅस फायरप्लेसची तुंबलेली नळी हे होते, पण वायू तोच. त्यानंतर २०१३ मध्ये कायदा झाला आणि घरात कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म सक्तीचा झाला.

विजेवर चालणारे यंत्र म्हणजे निर्धोक, असेही नाही. २०२५ च्या उन्हाळ्यात रायोबी कंपनीची दोन मॉडेल्स अमेरिका आणि कॅनडात परत मागवण्यात आली. एकट्या अमेरिकेत ती सुमारे ७,६४,००० यंत्रे होती. आतला कपॅसिटर तापून फुटण्याचा धोका, हे कारण. स्वतःचे यंत्र असेल तर हेल्थ कॅनडाच्या यादीत मॉडेल नंबर जरूर पडताळून पाहा.

चांगली सूचना कोणती?

चांगल्या कागदात आपल्या घराबद्दल काहीतरी लिहिलेले असते. छपरावरच्या डांबरी शिंगल्सवर जोराचा फवारा मारू नये, त्यांचे खडे निघून जातात. व्हायनल साइडिंगवर खालून वर धार मारली तर पाणी भिंतीत शिरते. इंटरलॉकच्या फटींतली वाळू उडते, ती पुन्हा कोण भरणार आणि त्याचे पैसे किती? युनियनव्हिलसारख्या भागात जुन्या विटांची घरे आहेत, तिथे चुना आणि वीट दोन्ही झिजतात. १९९० पूर्वीच्या घराच्या बाहेरच्या रंगात शिसे असू शकते. बाहेरचे प्लग झाकणे, खिडक्या बंद करणे, गाडी हलवणे, मुले आणि कुत्रा आत ठेवणे, यांतले काय ग्राहकाने करायचे आणि काय कामगाराने, हे ज्यात लिहिले आहे तो कागद कामाचा.

ज्या कागदात फक्त "कोणत्याही नुकसानीस आम्ही जबाबदार नाही" एवढेच असते, तो ग्राहकाला सावध करत नाही, घाबरवतो. आणि कायद्यापुढे तो फारसा टिकतही नाही. ऑन्टारियोच्या २००२ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार सेवा वाजवी दर्जाची असेल ही हमी करारात गृहीतच धरलेली असते, आणि ती नाकारणारे कलम निरर्थक ठरते. करारात अंदाजे खर्च दिला असेल तर त्यापेक्षा १० टक्क्यांहून जास्त पैसे मागता येत नाहीत. दारात झालेला ५० डॉलरांवरचा करार लेखी असावा लागतो आणि त्याची प्रत मिळाल्यापासून १० दिवसांत तो रद्द करता येतो. २०२३ मध्ये विधिमंडळाने नव्या ग्राहक कायद्यालाही मंजुरी दिली आहे, तेव्हा वादाची वेळ आलीच तर त्या दिवशी कोणता कायदा लागू आहे ते सरकारी पानावर पाहावे.

एक गैरसमज मात्र दूर व्हायला हवा. १ मार्च २०१८ पासून दारावर येऊन फर्नेस, एसी, वॉटर हीटर विकायला बंदी आली, म्हणून "दारावरची विक्रीच बंद आहे" असे बरेच जण समजतात. प्रेशर वॉशिंग त्या यादीत नाही. बेल वाजवून काम मागणारा मनुष्य बेकायदा नाही, पण सावधगिरी आपली.

मैलापाणी नव्हे, ही नदी आहे

रस्त्याकडेच्या जाळीतून जाणारे पाणी शुद्धीकरण केंद्रात जात नाही. मार्कहॅमच्या बऱ्याच भागातले हे पाणी रूज नदीला आणि पुढे ऑन्टारियो सरोवराला मिळते. ब्लीच, डीग्रीझर किंवा रंगाचे कपचे त्यात सोडणे म्हणजे पिण्याच्या पाण्याच्या उगमातच घाण टाकणे. कामाचे पाणी कुठे जाणार, हा प्रश्न ग्राहकाने विचारावा आणि धंदा करणाऱ्याने न विचारता सांगावा.

आपल्या मुलांसाठी

व्यवसाय सुरू करणाऱ्या मुलांना आमचे सांगणे असे : इंटरनेटवरचा तयार कागद उचलू नका. लायबिलिटी विमा घ्या. मित्राला मदतीला घेणार असाल तर डब्ल्यूएसआयबीचा नियम आधी विचारा. शिडीवर उभे राहून धार मारू नका, तिचा धक्का मागे ढकलतो. कामापूर्वी आणि नंतर फोटो काढा, आधीची चीर ग्राहकाला दाखवूनच काम सुरू करा. आणि दुसऱ्याकडे कामाला असाल तर धोक्याच्या कामाला नकार देण्याचा हक्क कायद्याने तुम्हांला आहे, मग तुम्ही इथे येऊन सहाच महिने झाले असोत.

ग्राहकांनी विम्याचे प्रमाणपत्र आणि डब्ल्यूएसआयबी क्लिअरन्स मागायला संकोच करू नये. "आपलाच मुलगा आहे, त्याला काय कागद मागायचे" ही आपली जुनी भीड. पण कागद नसताना तो शिडीवरून पडला, तर दवाखान्यापलीकडचा खर्च आणि बुडालेली मजुरी कोणी द्यायची यावरून दोन्ही घरांत कायमचे वितुष्ट येते. १ ऑक्टोबर २०२५ पासून स्मॉल क्लेम्स कोर्टाची मर्यादा ३५,००० वरून ५०,००० डॉलर झाली आहे. म्हणजे दाद मागायची सोय वाढली, पण तिथे ओळखीच्या माणसासमोर उभे राहण्याची वेळ कोणावर येऊ नये.

तेव्हा या वसंतात अंगण जरूर धुवून घ्या, कागद मात्र आधी वाचा. कोणाकडे चांगल्या सूचनेचा नमुना असेल तर नाव-पत्ता झाकून मंडळाकडे पाठवा, आपण त्याचे मराठीत रूपांतर करून सर्वांसाठी ठेवू.