बंध म्हणजे फक्त बैलाचा नव्हे



अहिंसाणुव्रताचे पाच अतिचार आपण पाठशाळेत घोकलेत: बंध, वध, छेद, अतिभारारोपण, अन्नपाननिरोध. त्यातला पहिला, बंध, मी इतकी वर्षं बैलापुरताच धरून चालले होते.

मागच्या वर्षी पुतण्याने दिघाशीच्या घरी सॅमोयेड आणला. पांढराशुभ्र, बघणारा हरखतोच. पण ही जात उत्तर सायबेरियातल्या नेनेत्स लोकांची. रेनडिअरचे कळप वळायचे, बर्फावरून गाड्या ओढायच्या, हे तिचं काम. असं दिवसभर पळणारं जनावर आम्ही ओट्यावर साखळीला बांधलं. त्याने चपला फाडल्या, मोगरा उकरला, भुंकून आळी जागवली. सासूबाई म्हणाल्या, "वेडं आहे गं." वेडं कुठलं, बिनकामाचं बसवलेलं! मेंढरांमागे चालणारी धनगरांची कुत्री आठवा, म्हणजे कळेल.

पुतण्या शिकायला पुण्याला गेला, फिरवणं माझ्याकडे आलं. पहाटे पाचला तासभर, संध्याकाळी चौविहाराआधीचं जेवण उरकून पुन्हा. दुपारी गार फरशी, पंखा, भरलेलं पाणी. कुत्र्याला आपल्यासारखा अंगभर घाम येत नाही, धाप टाकूनच ते गार होतं. केस मात्र भादरू नका, ते ऊनही अडवतात. (मी कात्री घेऊन बसलेच होते.)

माझ्या मते थंड मुलखातलं असं पिल्लू हौसेसाठी विकत घेणं हाच बंध. दारातलं गावठी कुत्रं याच हवेतलं आहे, त्याला घर द्यावं.

परवा पुतण्याचा फोन आला, मित्रासाठी असंच पिल्लू बघतोय म्हणाला. मी त्याला आधी मित्राची उठायची वेळ विचारली.